आढेवेढ्यांचा हंगाम

संक्रांत झाली की आमच्या इमारतीच्या लिफ्टला उसंत मिळत नाही. रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी जरीच्या साड्या वर जातात आणि खाली येतात. हातात पिशवी, पिशवीत वाण म्हणून मिळालेल्या वाट्या, गाळण्या, साबणाच्या डब्या. शेवंतीच्या वेणीचा आणि अत्तराचा वास लिफ्टमध्ये दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत टिकतो. सकाळी मात्र डोंबिवलीची थंडी वेगळ्या वासाची असते. कारखान्यांचा धूर गारव्यामुळे खालीच बसतो आणि घसा खवखवतो. मग बाजारातून ओले हरभरे, बोरं, वालाच्या शेंगा आणल्या की तो वास विसरायला होतो. ईरा, निशांत, तुमच्या खिडकीबाहेर आत्ता बर्फ असेल. माझ्या खिडकीबाहेर पाचव्या मजल्यावरची सून दोन्ही हातांनी निऱ्या सावरत रिक्षातून उतरते आहे.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुमची आई म्हणेल, इंग्रजीत लिही, त्यांना सोपं जाईल. मला इंग्रजी तुमच्या आईपेक्षा बरं येतं, हे तिलाही ठाऊक आहे. पण काही गोष्टी सोप्या करून सांगितल्या की हलक्या होतात. हळूहळू वाचा. अडलं तर विचारा.

या दिवसांत आपल्या बायका एक वाक्य जितक्या वेळा म्हणतात तितकं वर्षभरात म्हणत नसतील: ‘नाही बाई, मला नाही येत.’ हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ हातावर ठेवला, की कोणीतरी म्हणतं, ‘आता नाव घे.’ म्हणजे नवऱ्याचं नाव दोन ओळींच्या यमकात गुंफून म्हणायचं. त्याला उखाणा म्हणतात. मग ती म्हणते, नाही बाई. दुसऱ्या म्हणतात, अगं घे ना. ती पदर तोंडाला लावते, खाली बघते, शेजारणीला कोपराने ढकलते, ‘आधी ही घेईल.’ असं बराच वेळ चालतं आणि मग एकदम खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता, ती लांबलचक उखाणा घेते. येतच असतो! घरून पाठ करूनच आलेली असते. पण आधी नाही म्हणायचं, ही रीत. या रितीला आपल्याकडे आढेवेढे घेणं म्हणतात, आणि मी आयुष्यभर या आढेवेढ्यांच्या विरुद्ध आहे.

गंमत वाटते ती हळदीकुंकवापुरती. पण हीच बाई सकाळी ऑफिसला जाते. तिथे मीटिंगमध्ये उभी राहते आणि पहिलं वाक्य काय बोलते? ‘सॉरी, मी काही फार चांगली वक्ता नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.’ पुरुषही हेच करतात, फक्त त्यांचं सॉरी जरा जाड आवाजात असतं. ठाण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा दरवर्षी निरोप समारंभाला हेच ऐकायचे. ‘मी दोन शब्द बोलणार आहे.’ मग दोन हजार शब्द. आणि शेवटी, ‘माझं बोलणं कंटाळवाणं झालं असेल तर क्षमस्व.’ जे बोलणं बोलणाऱ्यालाच नकोसं वाटतं, ते ऐकणाऱ्याने का ऐकावं? दुकानदार कधी म्हणतो का, माझे टोमॅटो जरा नासकेच आहेत, सांभाळून घ्या?

तो जानेवारी मला नीट आठवतो. तुमचे आजोबा जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. इमारतीतल्या हळदीकुंकवाची बोलावणी पूर्वी माझ्या दारावर आधी यायची, कारण मी तिथली सर्वांत जुनी. त्या वर्षी एकही आलं नाही. कोणाचा वाईट हेतू नव्हता. उलट बिचाऱ्या लिफ्टमध्ये माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मी घरी बसून दोन दिवस विचार केला, मग डबे पुसून जागच्या जागी ठेवले, तिळाचे लाडू वळले आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: ‘शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू. सर्व स्त्रियांनी यावे. सर्व म्हणजे सर्व. उखाण्यात नवऱ्याचे नाव घेण्याऐवजी प्रत्येकीने आपल्या कामाविषयी बोलायचे आहे. “मला येत नाही” म्हणणारीला लाडू मिळणार नाही.’

तासाभरात तिसऱ्या मजल्यावरची प्रज्ञा आली. प्रज्ञा बँकेत अधिकारी आहे, मनाने चांगली आहे, आणि इमारतीत काय शोभतं हे ठरवण्याचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलेलं आहे.

‘काकू, हे काय? सण आहे की सभा?’

‘सभाच. फक्त लाडू मिळणारी.’

‘तसं नाही हो. पण हळदीकुंकू म्हणजे… तुम्ही आता…’ ती थांबली.

‘मी आता काय? बोल ना, बाळा. वाक्य पूर्ण करायला कोणी अडवलंय?’

मी चहा टाकला. चहा पिताना ती म्हणाली, ‘पण कामाविषयी काय बोलायचं? रोज तेच तर करतो.’ मी म्हटलं, ‘नवराही रोज तोच असतो, त्याच्यावर उखाणे रचताच ना!’ तेव्हा ती हसली, आणि शनिवारी खुर्च्या लावायला मदतीला येते म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी पहिल्या मजल्यावरची सुगंधा आली. आमची इमारत उभी आहे ती जमीन सुगंधाच्या सासऱ्यांची. पूर्वी तिथे भात व्हायचा. जमिनीच्या बदल्यात त्यांना इथे घरं मिळाली. त्यांचं गाव आता डोंबिवलीच्या पोटात गेलं आहे, तरी इमारतीतले काही लोक अजून त्यांना ‘गाववाले’ म्हणतात, आपण सगळे जणू आकाशातून पडलो. सुगंधाची मुलगी दर्शना केमिकल इंजिनिअर आहे, इथल्याच एका रंगांच्या कारखान्यात.

‘बाई,’ सुगंधा म्हणाली, ‘पोरीला जरा बोलाला शिकवा. घरान हिचा तोंर बंद नाय होत, न हापिसान गेली का मांजर व्हते.’

दर्शना तिच्यामागे उभी होती. मी तिला बसवून घेतलं आणि काय झालं ते विचारलं. कारखान्यात रंग बनवल्यावर टाक्या धुवाव्या लागतात. ते रंगीत पाणी स्वच्छ करून सोडून द्यायचं, असं चाललेलं. दर्शनाने खटपट करून असं काही बसवलं होतं की तेच पाणी पुढच्या धुण्याला पुन्हा वापरता येईल, बाहेर जवळजवळ काही जाणारच नाही. वर्षभर तिने ते करून दाखवलं होतं. आता हेड ऑफिसचे लोक ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर अशाच पद्धतीचा मोठा नवा प्लांट उभा राहणार होता, आणि त्याला एक प्रमुख लागणार होता.

‘मग छान! तू सांगणार त्यांना?’

‘नाही आजी. सामंत सर सांगणार. मी स्लाइड बदलणार.’

सामंत सर म्हणजे तिचे साहेब. दुष्ट नव्हते. तिला म्हणाले होते, ‘तू काम कर, बोलायचं टेन्शन मी घेतो.’ पुण्यात शिकलेले, तोंडात लोण्यासारखं इंग्रजी. प्रत्येक प्रेझेंटेशनला ते पडद्यासमोर उभे राहायचे आणि दर्शना कोपऱ्यात लॅपटॉपशी बसायची. ते ‘नेक्स्ट’ म्हणाले की ती बटण दाबायची. काम तिचं, जीभ त्यांची. मी विचारलं, ‘आणि प्रमुख कोण होणार?’ जे बोलतात तेच होतात, हे तिलाही दिसत होतं.

शनिवारी माझी बैठकीची खोली भरली. पलीकडच्या इमारतीतली फिलोमिना आली, तिचा नवराही गेलेला. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती. नुकतीच घटस्फोट घेतलेली एक मुलगी आली, जिला वर्षभर कोणी कशालाच बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या कपाळाला मी स्वतः हळदकुंकू लावलं. कोणी नाही म्हटलं नाही. मग मी कुकर लावला. नियम असा केला होता की एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत बोलायचं. वेळ पाळणारं माझ्या घरात त्याच्याइतकं विश्वासाचं दुसरं काही नाही.

काय मजा आली सांगू! प्रज्ञा पहिली उभी राहिली आणि हात पाठीमागे बांधून सुरू झाली, ‘सन्माननीय व्यासपीठ, आणि इथे जमलेल्या माझ्या…’ पुढे तिलाच हसू फुटलं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत तिसरीत पाठ केलेली सुरुवात पन्नाशीत तशीच तोंडातून बाहेर पडली होती. आपल्याकडे लहानपणी बोलायला नाही, पाठ म्हणायला शिकवतात. अमुक वाक्याला उजवा हात वर, तमुक वाक्याला मूठ. पुढे तोच मुलगा मॅनेजर होतो आणि विक्रीचे आकडे सांगतानाही त्याची मूठ वळते. दुसऱ्यांदा प्रज्ञा साधं बोलली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे ती सांगत होती. शिट्टी झाली ती कोणाला ऐकूच आली नाही. फिलोमिना म्हणाली, ‘मी काय बोलू? मी फक्त बाळांना पहिली आंघोळ घालायची,’ आणि मग ते कसं घालतात ते हातांनी दाखवत राहिली. खोलीतल्या सगळ्याजणी आपापले तळवे बघत होत्या.

मग दर्शना. ती उठली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, ‘सॉरी हां, मला नीट बोलायला येत नाही, माझी भाषा जरा गावठी आहे, आणि टॉपिक पण बोअरिंग आहे.’

‘लाडू रद्द,’ मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. दर्शनाही हसली, पण तिचे डोळे भरले. आणि पुढे बोललीच नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा खोलीत एवढी शांतता होती की ती सगळ्यांना ऐकू आली.

सोमवारपासून ती कामावरून परतताना माझ्याकडे येऊ लागली. आल्या आल्या तिने मला एका कार्यशाळेचा कागद दाखवला. कंपनीने तिला ठाण्याच्या एका हॉटेलात ‘प्रभावी सादरीकरण’ शिकायला पाठवलं होतं. तिथल्या प्रशिक्षकाने शिकवलं होतं की हसत राहा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून देवळाच्या कळसासारखी धरा, कोणी प्रश्न विचारला की आधी ‘उत्तम प्रश्न’ म्हणा, आणि उच्चारांवर मेहनत घ्या, कारण तुमच्या उच्चारांवरून तुम्ही कुठल्या ते कळतं.

‘कळलं तर काय होईल?’ मी विचारलं.

तिने कागदाची घडी घातली. याचं उत्तर त्या प्रशिक्षकालाही आलं नसतं. मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे सिस्टर माझ्या ओठांसमोर मेणबत्ती धरायच्या आणि ठराविक इंग्रजी अक्षराला ज्योत हलली पाहिजे म्हणायच्या. मी ज्योत हलवायला शिकले. बक्षिसंही मिळवली. पण पुढे जन्मभर वर्गात उभी राहिले तेव्हा मुलांनी ऐकलं ते ज्योतीमुळे नाही. काय सांगायचं आहे ते मला पक्कं माहीत होतं आणि ते त्यांना कळावं अशी मला मनापासून निकड होती, म्हणून ऐकलं. उसने उच्चार हे हलव्याच्या दागिन्यांसारखे असतात. संक्रांतीला बाळाला किंवा नव्या सुनेला घालायला छान, फोटोत मोत्यासारखे. पण घाम आला की चिकट होतात. आणि बोलताना घाम येतोच.

मी दर्शनाला म्हटलं, ‘तू कोणत्या भाषेत भांडतेस?’

‘आमच्या.’

‘मग आधी त्या भाषेत सांग. माझ्याशी भांड.’

ती बिचकली. मी तिला डिवचलं. म्हटलं, पाणी काय, नळाला येतं, मग जरा वाया गेलं तर बिघडलं कुठे? तेव्हा जी काही पेटली! ‘वाया? आजी, तुमाला काय म्हाईत, आमचे नाल्यान काय पानी येत व्हता!’ तिच्या आवाजाला एकदम कणा आला. ओढणीचं टोक सुटलं, हात आपोआप हलू लागले, आणि मला प्रथमच तिचं काम कळलं. तेच तिला मी दुसऱ्या दिवशी पुस्तकी मराठीत सांगायला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी इंग्रजीत. भाषा बदलल्या, पण कणा तोच ठेवायचा, एवढीच अट. इंग्रजीत ती अडखळायची तिथे मी शब्द पुरवला नाही. माझ्या जिभेवर यायचा, मी तो गिळायचे. तिचा तिला सापडेपर्यंत थांबायचं. शिक्षकाला यापेक्षा अवघड काही नाही.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. इमारतीमागे तिच्या काकांचा जमिनीचा एक तुकडा अजून मोकळा आहे, तीन बाजूंना टॉवर आणि मध्ये गवत. तिथे त्यांनी पोपटी लावली होती. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला. मग मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. उन्हं उतरत होती, धुरात त्या पाल्याचा कडू-गोड वास होता आणि सगळं घरदार आगीभोवती बसलं होतं. मी म्हटलं, मडकं उघडेपर्यंत दर्शना बोलेल.

ती उभी राहिली. पहिल्याच वाक्याला काकांनी अडवलं. ‘थांब गो. म्हंजे टाकी धुतलेला पानी परत वापराचा?’

‘हा.’

‘मंग आतापरयंत तो पानी जायचा कुठं?’

‘कुठं म्हंजे? आपले नाल्यान.’

‘म्हंजे आमचे गुरांनी पिला तो!’ काका म्हणाले. सुगंधा आग सारखी करत म्हणाली, ‘हिला आठवतंय. शाळंत जाताना नाला कधी लाल, कधी निळा. हिला वाटं, कोनतरी वर होली खेलतंय.’

दर्शना तिथे बराच वेळ बोलली. काका मध्ये मध्ये टोकत होते, आत्या विचारत होती, ‘न तुला पगार वारवून देतील का?’ ती सगळ्यांना उत्तरं देत होती, हसत होती, चिडत होती. मग मडकं उघडलं. शेंगांची सालं बोटांना चटके देत होती. मी शेंगा खाल्ल्या, आणि पुढे केलेलं अंडंही नाकारलं नाही. प्रज्ञाला सांगू नका.

घरी परतताना मी तिला म्हटलं, ‘तो नाला तुझ्या स्लाइडमध्ये आहे का?’ आधी होता, ती म्हणाली. पहिलीच स्लाइड होती. सामंत सरांनी काढायला लावली. ‘इमोशनल नको,’ म्हणाले, ‘हेड ऑफिसला आकडे हवेत.’

‘आणि तुला काय हवंय?’

ती जिन्यात थांबली. लिफ्ट हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलेली होती म्हणून आम्ही चढत होतो. म्हणाली, ‘मला वाटतं, मी हे का केलं ते त्यांना कळावं.’

‘मग ते तुझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार?’

प्रेझेंटेशनच्या दिवशी काय झालं ते तिने नंतर माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. हेड ऑफिसचे लोक आले. सामंत सर पडद्यासमोर गेले. दर्शना कोपऱ्यात बसली. सर पहिलं वाक्य बोलले आणि म्हणाले, ‘नेक्स्ट.’ तिने बटण दाबलं नाही. सर पुन्हा म्हणाले, ‘दर्शना, नेक्स्ट.’ तेव्हा ती उठली आणि पुढे गेली. म्हणाली, ‘थँक्यू सर. हे काम मी केलंय, तर ते मी सांगते.’ सर काही क्षण तिथेच उभे राहिले. मग त्यांनाच कुठे उभं राहायचं ते कळेना, म्हणून ते जाऊन लॅपटॉपशी बसले.

‘आणि तू सॉरी म्हणालीस?’

‘नाही. जिभेवर आलं होतं. पाणी प्यायले त्याच्यावर.’

तिने सुरुवात नाल्यापासून केली. माझं गाव तुमच्या कारखान्याच्या उताराला आहे, असं म्हणाली. मग आकडे. मध्ये एकदा तिच्या उच्चाराला मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती थांबली, त्या माणसाकडे बघितलं, आणि तेच वाक्य त्याच उच्चारात पुन्हा म्हटलं. मला हे ऐकताना हातातली पोळी तव्यावर करपली. करपू दे. पोळ्या खूप झाल्या आयुष्यात.

आता तुझ्याकडे येते, ईरा. गेल्या रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस की तुझ्या ऑफिसात तुझं काम तुझा सहकारी सादर करणार आहे, कारण तो जास्त ‘पॉलिश्ड’ आहे, आणि तुझे मॅनेजर म्हणाले की तू अजून थोडा आत्मविश्वास मिळव. मी फोनवर ‘बरं’ म्हटलं. राग आला की मी फोनवर बोलत नाही, लिहिते. त्याने वाक्यं सरळ राहतात. म्हणून हे लिहिते आहे. आत्मविश्वास आधी मिळवून मग बोलायचं असतं, हे तुला कोणी सांगितलं? पोहायला येऊ लागलं की पाण्यात उतरू, असं म्हणणाऱ्यासारखं आहे ते. तुझा आवाज कापेल. कापू दे. हात थरथरतील. टेबलाला धर. वाक्य विसरशील. थांब, पाणी पी, आठव. ऐकणारे कुठे पळून जात नाहीत, त्यांना पगार मिळतो. पण स्वतःच्या कामाशेजारी बसून दुसऱ्यासाठी बटण दाबायचं नाही. आणि कोणी म्हणालं की तू कुठली ते तुझ्या बोलण्यावरून कळतं, तर म्हण, हो, कळावं म्हणूनच बोलते आहे.

निशांत, हे तुलाही आहे. तुझ्या वाट्याला बोलणं आयतं येतं, मुलगा आहेस म्हणून. तेव्हा कधी पडद्यासमोर उभा असलास तर कोपऱ्यात लॅपटॉपशी कोण बसलं आहे ते मान वळवून बघ.

आज संध्याकाळीही माझ्याकडे हळदीकुंकू आहे. दरवर्षी असतं. फिलोमिना आता दर वेळी नवीन गोष्ट सांगते आणि शिट्टीला मुळीच जुमानत नाही. प्रज्ञा नव्या मुलींना दारातच नियम समजावते. आढेवेढे मात्र संपलेले नाहीत. दरवर्षी कोणी ना कोणी ‘नाही बाई’ म्हणतंच. मीही दरवर्षी लाडू मागे घेतेच.

दर्शनाचं पुढे काय झालं, असं तू विचारशील. प्रेझेंटेशन झाल्यावर काही आठवड्यांनी हेड ऑफिसचे लोक परत आले. कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्या इंजिनिअरांना बसवलं, चहा दिला, आणि मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की नवा प्लांट मंजूर झाला आहे, त्याचे प्रमुख सामंत सर असतील आणि दर्शना त्यांना साहाय्य करील. टाळ्या झाल्या. साहेब तिच्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले की काम तुझं उत्कृष्ट आहे, फक्त बोलण्यावर जरा मेहनत घ्यायला हवी.

दर्शना उभी राहिली. म्हणाली, ‘सर, त्या दिवशी मी जे बोलले त्यातलं तुम्हाला न कळलेलं एक वाक्य सांगाल का?’

साहेबांनी शेजारच्यांकडे बघितलं. शेजारच्यांनी सामंत सरांकडे. सामंत सर कपातल्या चहाकडे बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, ‘नाही नाही, कळलं सगळंच. तसा प्रश्न नाही.’

‘मग कारण दुसरं असेल, सर. ते सांगा. मी थांबते.’

आणि ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. साहेब म्हणाले, आम्ही विचार करून कळवतो. कारण शोधायला त्यांनी पुढच्या भेटीपर्यंतची मुदत घेतली.

सापडलं नाही. नवा प्लांट दर्शना चालवते.